बँडमागे हेरल्ड

२ जानेवारी १९८६
ज्युलियाच्या लग्नाला तेवीस दिवस. जावई होणाऱ्या डेनिसच्या काकांचा बोरीवलीहून निरोप: आमची नवी मारुती पाठवतो, नवरी तिच्यातून आणा. कळवलं, नवरीच्या बापाकडे स्वतःची हेरल्ड गाडी आहे. अठरा वर्षं जुनी, पण इंजिन वाघ. चर्चनंतर मरोळ ते बोरीवली, हायवेवर मारुतीला मागे टाकणार.
निश्चय: लग्नापर्यंत रोज पोरीबरोबर बसून जेवायचं. बायको मेबल वारल्यापासून घरात दोघंच.

५ जानेवारी
रद्दीतल्या इंग्लिश मासिकात गुपित सापडलं! कार्बोरेटरपासून इंजिनात जाणारी मॅनिफोल्डची नळी. लांब असेल तर हळू चालताना ओढ चांगली. आखूड केली की वरच्या स्पीडला पॉवर. दोन्ही एकदम मिळत नाही. मला कुठे दोन्ही पाहिजे?
ज्युलिया म्हणाली, डॅडी, लग्नाआधी मम्माच्या कबरीवर जाऊ या ना, आपण दोघंच. पुढच्या रविवारी नक्की.

९ जानेवारी
साकीनाक्याला श्यामकांत वेल्डरकडे. म्हणाला, काका, चालत्या गाडीला कशाला हात लावता, वाट लागेल. वेल्डरला थिअरी काय कळणार? तीन इंच कापायला लावली.
घरी उशीर. जेवण झाकून ठेवलं होतं.

१२ जानेवारी, रविवार
गॅस्केट लीक. कबरस्तान राहिलं. ज्युलिया फुलं घेऊन एकटीच गेली. आल्यावर मला चहा आणून दिला. समजूतदार आहे, आईवर गेली.

१६ जानेवारी
ट्रायल. हायवेला झकास! सिग्नलला तीनदा बंद पडली. हल्ली पेट्रोलच भेसळीचं. श्यामकांत पुटपुटला, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाबद्दल, कळलं नाही.

२१ जानेवारी
गाडीखाली होतो. ज्युलिया बाजूला येऊन बसली. विचारलं, मम्मा लग्नात कशी दिसत होती? मी म्हटलं, बारा नंबरचा पाना दे. तिने दिला. थोडा वेळ बसली, मग आत गेली. लग्न झाल्यावर सगळं निवांत सांगेन.

२५ जानेवारी, सकाळी ६
गाडी तयार. आज बोरीवलीकर बघतील.

२६ जानेवारी
आमच्या गावठाणात नवरीची गाडी घरापासून चर्चपर्यंत बँडच्या मागे चालते, माणसांच्या चालीने. माझ्या लग्नात मेबलची गाडीही तशीच गेली होती. तीन आठवडे एकदाही डोक्यात आलं नाही.
काल पहिल्या गिअरलाच गाडी बंद. स्टार्ट. पुन्हा बंद. बँडवाले वाजवता वाजवता मागे बघायला लागले. पाचव्यांदा बॅटरी डाऊन.
ज्युलिया गाऊन सावरत उतरली. म्हणाली, डॅडी, राहू दे गाडी, हात द्या, चालत जाऊ. मी बॉनेटमध्ये होतो. म्हटलं, दोनच मिनिटं. ती उन्हात उभी राहिली. दहा मिनिटं झाली असतील. फादर खोळंबले होते. शेवटी मेबलचा भाऊ इसिडोर तिला हाताला धरून घेऊन गेला.
मी पोचलो तेव्हा ती डेनिसच्या शेजारी उभी होती. हात काळे, म्हणून मागच्या बाकावर बसलो.
बोरीवलीला मारुतीतून गेली.

४ फेब्रुवारी
श्यामकांतने नळी पुन्हा लांब करून दिली.
गाडी घरापासून चर्चपर्यंत नेली, माणसाच्या चालीने. एकदाही बंद पडली नाही. उतरलो, फिरून मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला. आत कोणी नव्हतं. तिथेच दार धरून रडलो. चर्चचा झाडूवाला म्हणाला, अंकल, गाडी जरा पुढे घ्या.