परित्यक्तेचा दाखला

प्रिय भूमिकाच्या पप्पांना,

भूमिका जळगावला होस्टेलवर रुळली आहे. मेसच्या भाजीला नावं ठेवते, पण जेवते.

माझ्या आबांच्या दहाव्याला जावई म्हणून तुम्ही धुळ्याहून इथे बोदवडला आलात आणि न जेवताच गेलात. पंगतीत तुमच्याशेजारी कोणी बसलं नाही. शेजारच्या बेबाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अशा मानसाले पानी कायले द्याचं?" तुम्ही खाली मान घालून चपला शोधल्यात. मी तांब्या घेऊन दारातच उभी राहिले. तुम्हाला वाटलं असेल, आपण वेगळे राहतो त्याचा हा राग. तसं नव्हतं.

भूमिकाच्या ॲडमिशनला फी-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अर्जात विचारलं होतं, विवाहित, विधवा, घटस्फोटित की परित्यक्ता? विवाहित लिहिलं की तुमचा पगार धरणार आणि सवलत जाणार. तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारा म्हणाला, "ताई, वेगळ्या राहता ना? मग परित्यक्ता लिहा. सगळ्या तेच लिहितात." परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. मी सही केली. तलाठी चौकशीला आले तेव्हा साक्षीला बेबाबाईंनाच उभं केलं. त्या बिचाऱ्या खरं मानून रडल्या, आणि मग गावभर सांगत सुटल्या.

टाकलं कोणी कोणाला? धुळ्यात आपल्या देवपूरच्या घरात तुमचा आठ-आठ दिवसांचा अबोला मला सोसवेना, म्हणून बॅग मी भरली. स्टँडवर सोडायला तुम्हीच आलात. 'थांब' म्हणाला नाहीत, पण 'जा' असंही कधी म्हणाला नाहीत.

काल बेबाबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग त्या दिवशी तू तोंड कामून उघडलं नाही?"

आज तो दाखला रद्द करण्याचा अर्ज देऊन आले. नव्या अर्जात विवाहित लिहिणार आहे. त्याला तुमच्या पगाराचा फॉर्म सोळा लागेल, तेवढा पाठवा. सवलत गेली तर जाऊ दे, मी शिवणाची कामं वाढवीन. परत येते असं लिहीत नाही. आणखी एक खोटं नको. भूमिकाला फोनवर सगळं सांगितलं. ती रागावेल वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "पप्पांना तू सांगणार की मी सांगू?" मुलीच्या तोंडून तुम्हाला हे कळू नये, म्हणून लिहिलं.

तुमची म्हणायला आज जीभ रेटत नाही,
भूमिकाची आई,
कामिनी