लायसन्स वारसाने मिळत नाही

मी, नंदा भीमराव रणपिसे, वय ७४, निवृत्त मिडवाइफ, राहणार स्लाऊ, हे माझं शेवटचं मृत्युपत्र लिहीत आहे. माझा खुबा नवा आहे, डोकं जुनंच आहे आणि नीट चालतं. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे पुष्कळ होते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझा मुलगा गंधार याच्याबद्दल मी 'विश्वासू' असा शब्द वापरला होता.

१. माझी मुलगी दीक्षा, शिक्षिका, राहणार पिनर, हिला मी एक्झिक्युटर नेमते. मी राहते ते घर, त्यातलं सामान, दागिने आणि बँकेतली शिल्लक तिची. गंधारला मिल्टन कीन्समध्ये घर घेताना त्याचा वाटा हयातीतच दिला आहे. त्याला ते आठवत नसेल तर दीक्षाने आठवण करून देऊ नये. त्याला आठवतं.

२. दुसरं घर चेस्टनट रोडचं, भाड्याने दिलेलं. त्याबद्दल सविस्तर लिहावं लागेल.

मी आणि माझे दिवंगत पती भीमराव या देशात नवे होतो, तेव्हा पिनरच्या श्रीनिवास नावाच्या गृहस्थांकडे खोली बघायला गेलो. मराठी माणूस मिळाला म्हणून भीमराव खूश. चहा झाला, पोहे झाले, मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं. ऐकल्यावर बशीतला चमचा हलवत ते म्हणाले, "अहो, सांगायचं राहिलंच. खोली कालच गेली." ती खोली पुढचा सगळा हिवाळा रिकामी होती. खिडकीतली पाटी मी बसमधून रोज बघायचे. श्रीनिवास पुढे इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले आणि समतेवर भाषणं करू लागले. त्यांना या मृत्युपत्रात एवढीच जागा.

चेस्टनट रोडचं घर घेतलं त्या दिवशी भीमराव म्हणाले, "इथे कोणाला आडनाव विचारायचं नाही." आम्ही कधीच विचारलं नाही. गंधारनेही विचारलं नाही, हे मान्य करायला हवं. त्याने फक्त एका खोलीत किती मावतात एवढंच विचारलं.

माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो म्हणाला, "आई, तू रेस्ट घे. प्रॉपर्टीचं मी सॉर्ट करतो." मी त्याच्याकडे मिल्टन कीन्सला राहिले. तोवर त्या घरात एक कुटुंब राहत होतं. ते गेल्यावर त्याने पुढच्या खोलीत प्लायवूडच्या भिंती घातल्या आणि आठ माणसं ठेवली. नातं नसलेली पाच किंवा जास्त माणसं एका घरात ठेवायची तर घरमालकाला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं, हे त्याला ठाऊक होतं. एकदा जेवताना मीच विचारलं होतं.

"लायसन्स इज जस्ट पेपरवर्क, आई. कौन्सिलला पैसे काढायचे असतात."

स्वयंपाकघराचं आग अडवणारं दार आपोआप बंद होतं म्हणून काढलं. मागच्या खोलीची खिडकी, हीटिंग वाया जातं म्हणून, स्क्रू मारून बंद केली. धुराचा अलार्म वाजतो म्हणून काढला. मी जन्मभर बाळंतपणं केली. मूल रडतं म्हणून त्याच्या तोंडावर उशी ठेवणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझ्या मुलाला लोक कौतुकाने 'पोर्टफोलिओ लँडलॉर्ड' म्हणत.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये एका दुपारी स्वयंपाकघरातल्या कपडे वाळवायच्या मशीनने पेट घेतला. सातजण कामावर होते. मागच्या खोलीत स्वराली झोपली होती. सांगलीची मुलगी, केअर होममध्ये रात्रपाळी करायची. धुराने जाग आली तेव्हा जिन्यावरून खाली जाता येत नव्हतं आणि खिडकी उघडत नव्हती. तिने खुर्ची मारून काच फोडली. शेजारच्या सुहास तायड्यांनी शिडी लावून तिला खाली उतरवलं. काचेने डाव्या हाताला कोपरापर्यंत जखमा झाल्या, आणि छातीत इतका धूर गेला होता की महिनाभर तिला दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती.

गंधार हॉस्पिटलमध्ये द्राक्षं घेऊन गेला. हे मला स्वरालीने सांगितलं. तो म्हणाला, "ऑफिसर आली तर सांग, मी तुझा मामेभाऊ. वुई आर ऑल वन फॅमिली, ओके?"

तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "दादा, माझ्या आईला फोन केलात का?"

केला नव्हता. मी केला.

कौन्सिलची अधिकारी बाई घर बघायला आली तेव्हा मी काठी टेकत तिथे गेले. जळक्या दारात उभं राहून गंधार तिला सांगत होता की सगळे नातेवाईक आहेत, भाडं वगैरे काही नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"यातला कोणीही माझा नातेवाईक नाही," मी सांगितलं. "नातेवाईक फक्त हा एकटा आहे."

त्याला दंड झाला, त्याचं नाव दोषी घरमालकांच्या यादीत गेलं. त्या दिवशी गाडीत बसताना तो म्हणाला, "कोणती आई असं करते?" ज्या आईला सांगलीला फोन करावा लागतो ती करते. त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं सोडलं.

३. घर मी दुरुस्त करून घेतलं. लायसन्स माझ्या नावावर काढलं. स्वराली आता नर्सिंग शिकते आणि पुढच्या मोठ्या खोलीत राहते. तिला तिथे हवं तितके दिवस राहू द्यावं आणि भाडं वाढवू नये. माझी पुस्तकं आणि शिवणयंत्रही तिचं.

४. अंत्यविधीला त्रिशरण, पंचशील व्हावं. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण करू नये. आजी-माजी दोघांनीही.

५. आता घराची मालकी. वकिलांनी समजावलं की घर वारसाला देता येतं, लायसन्स देता येत नाही. ते माणसाबरोबर संपतं. नवा मालक 'योग्य आणि लायक व्यक्ती' आहे का, हे कौन्सिल नव्याने तपासतं. इतकी शहाणी तरतूद मी कुठल्या घराण्यात पाहिली नाही.

म्हणून चेस्टनट रोडचं घर मी गंधारला देते, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत त्याने घरमालकांचा कोर्स पास होऊन लायसन्ससाठी स्वतःच्या नावाने अर्ज करावा, झालेला दंड न लपवता. निर्णय लागेपर्यंत घर दीक्षाच्या ताब्यात, आणि मधल्या काळातला परवाना तिने काढावा. कौन्सिलने त्याला लायक ठरवलं तर घर त्याचं. नाहीतर बेघरांना घर देणाऱ्या, दीक्षा निवडेल त्या संस्थेचं. तो लायक आहे का, हे मला विचारू नये. मी आई आहे. माझं मत दोन्ही बाजूंनी बिघडलेलं आहे.

हे कलम मी दीक्षामार्फत त्याला आधीच कळवलं होतं. काल संध्याकाळी फोन वाजला.

"आई, मी तो कोर्स केला. ऑनलाइन."

"मग?"

"फेल झालो."

तीन वर्षांत पहिल्यांदाच माझा मुलगा माझ्याशी खरं बोलला. मी म्हटलं, "पुन्हा बस," आणि फोन ठेवला.

कलम ५ मधले 'तीन महिने' खोडून 'सहा महिने' केले आहेत. त्या खोडाखोडीशेजारी मी आणि दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोघांच्या देखत सही करते.

नंदा भीमराव रणपिसे

साक्षीदार: १. सुहास तायडे, चेस्टनट रोडचे शेजारी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे त्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले.
२. कबीर मुजावर, गॅस इंजिनिअर, वार्षिक तपासणीला आले होते.

स्थळ: स्लाऊ
दिनांक: ९ डिसेंबर २०२५