लक्ष्मीचं नाक

२२ सप्टेंबर, घटस्थापना

वहीबाई, मागच्या वर्षी काय सांगितलं होतं? विसरलीस ना! पानं शंभर, अन् आठवण एकाचीही नाय. मला अक्षर येत नाय म्हणून सून करुणा लिहिते. ध्यानात ठेवायचं मात्र मीच.

तर परत सांगते. माझे मालक पुंजाराम चांदीच्या नाण्यांचे ठसे कोरायचे. दिवाळीच्या पूजेत लक्ष्मीचं नाणं मांडतात, ते. त्यांच्या शेवटच्या ठशावर आमचा सोमनाथ अजून नाणी दाबतो. पोलादात लक्ष्मी उलटी, खोल. चांदीवर सुलटी, उठून. हजारदा दाबलं की पोलादही थकतं. आधी नाक सपाट होतं, मग कमळाच्या पाकळ्या एकमेकींत विरतात, कडेची नक्षी लठ्ठ होऊन काठाकडं वाहत जाते. मालक म्हणायचे, "हातात फिरून झिजलेलं नाणं म्हातारं. झिजल्या ठशाचं नाणं जन्मताच झोपेत."

आज सोमनाथनं हंगामाचं पहिलं नाणं दाखवलं — प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद. सराफ्यातले काकासाहेब समोर चहा पीत होते. दर दिवाळीला आमचा सगळा माल तेच घेतात. मी नाणं उजेडात धरलं — नाकच नाय! सगळी लक्ष्मी धुक्यात, अन् काठाला किरणं.

"सोमनाथ, तुझ्या बापाचा ठसा झोपला रे. बाद कर."

"माय, नाक हाय की."

"चाळीस वर्षं ठशावाल्याचा संसार केला मी. मला शिकवतो व्हय?"

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. "आजी म्हणतात तर नवाच ठसा करा, सोमनाथराव. नाय तर राहू द्या माल."

२५ सप्टेंबर

संध्याकाळी करुणासंगं रिक्षात, क्रांती चौकातून. काय सांगू, वहीबाई! दिव्यादिव्याला किरणं फुटलेली. माणसं नाकाडोळ्यांवाचून हसत चाललेली. कुणाची कड कुठं संपते अन् दुसऱ्याची कुठं सुरू होते, कळंना. अख्ख्या शहराचा ठसा झिजलाय — पण लई देखणं दिसतं!

करुणा म्हणाली, "आत्याबाई, एकदा डॉक्टरांकडं जाऊ." म्हणलं, जा की. बरी नाय का तू?

२८ सप्टेंबर

सोमनाथ ओसरीवर ठसा मांडीत घेऊन बसला होता. अंगठ्यानं पुसत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

नाणी दाबायच्या शेडमध्ये हत्यारं पुजली. ठसा बाद करायचा तर कोरलेल्या बाजूवर आडवी चीर पाडायची, म्हणजे चोरून कुणी वापरत नाय. मालकांचीच पद्धत.

सोमनाथनं ग्राइंडर हातात घेतला. "माय, अजून एकदा सांग."

"पाड."

ठिणग्या उडाल्या. एकेका ठिणगीला किरणं! लक्ष्मीच्या मांडीवरून आडवी चीर गेली.

निरोपाचं कुंकू लावायला मी बोट टेकवलं. पोलाद अजून गरम होतं. बोट लक्ष्मीच्या तोंडावर गेलं अन् नाकाच्या खळीत अडकलं. खळी खोल. कडा धारदार. नथीचे मोती बोटानं मोजता आले — चार. मालकांनी कालच कोरल्यासारखे.

"काय झालं, माय?"

"काय नाय. कुंकू सांडलं."

२ ऑक्टोबर, दसरा

सोमनाथनं आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं, पाया पडला, न जेवता शेडवर गेला. पुरणाचं ताट तसंच. नवा ठसा यायला अजून आठ दिवस. तोवर काम नाय, तरी तिथंच बसून राहतो म्हणे.

दुपारी डोळा लागला. मालक आले. मऊ चांदीच्या उजेडात, कडा विरलेल्या. जुनंच बोलले — ठशाला गेलेली चीर नाण्यावर उठून उभी राहते. मग माझ्या पापणीवर अंगठा ठेवला. "हे कधी तपासलंस, येडे?"

४ ऑक्टोबर

करुणा, आजचं वहीला नाय, तुलाच सांगते. ठसा शाबूत होता. झिजले ते माझे डोळे. डॉक्टरची तारीख घे.

हे सोमनाथला तोंडानं सांगवत नाय मला. शेडवर डबा पाठव. बाजरीच्या तीन भाकरी, शेपूची भाजी, शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्त. अन् सगळ्यात खालच्या भाकरीखाली ते पहिलं नाणं ठेव — पाकीट फोडून. त्याला कळंल, मायनं लक्ष्मीच्या नाकाला बोट लावलं.