तेविसावी फेरी

उदिने, २ जून १९७२

लाडके तुल्लिया,

तुझं पत्र परवा मिळालं. पायांची सूज उतरली हे वाचून जिवात जीव आला. बाळंतपण तोंडावर आलंय, तेव्हा जिने चढू नकोस आणि आईशी वाद घालू नकोस. त्या वादात तू जिंकत नाहीस, हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. सासूबाई बऱ्या आहेत. सकाळी चर्चला जातात आणि परत आल्या की कोंबड्यांवर ओरडतात. तुझा नेवियो गेल्यापासून त्याचं नाव त्यांच्यासमोर अजून कोणी काढत नाही.

शर्यतीची गाडी पुन्हा उभी राहिली. सांगाडा नवा आहे, पण इंजिन तेच. ओरेस्तेने ते उघडून, धुऊन, वाळवून बसवलं. तो म्हणतो, "युरोपची मालिका अर्ध्यावर सोडली तर पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करणार नाही." भाऊ गेल्यापासून माझा नवरा एवढंच बोलतो. चालवायला गेरविन नावाचा ऑस्ट्रियन पोरगा घेतलाय. बकासुर आहे, पण गाडी बरी चालवतो. गाडीवर नेवियोचा एकतीस आकडा मी नको म्हटलं. आता आठ आहे.

शर्यतीत फेऱ्या टिपायला ट्रॅकच्या भिंतीवर माझ्या शेजारी तुझ्या जागी ओरेस्तेच्या मावसभावाची बायको बसते, पाल्मिरा. तिला घड्याळं दिली आणि तक्ता शिकवला. तुला शिकवलं होतं तेच सांगितलं: गाडी समोरून गेली की आधी तिचा आकडा लिहायचा, मग वेळ. न दिसलेल्या गाडीचा आकडा लिहायचा नाही, कोणी काही सांगो. ती म्हणाली, "हात्तिच्या, म्हणजे जेवायला किती पानं मांडायची ते मोजण्यासारखंच की." मला हसता आलं नाही. साल्झबर्गला शर्यत संपल्यावर बघते तर अकराव्या ओळीत एकतीस लिहिलेला. अक्षर माझंच.

बेल्जियममधल्या अपघाताच्या सुनावणीचं विचारलंस. तुझा वकील म्हणतो ते कळलं: तेविसाव्या फेरीला नेवियो आमच्यासमोरून गेल्याचं माझ्या तक्त्यावर आहे, म्हणजे अपघात चोविसाव्या फेरीतला, धुकं निवळल्यानंतरचा. तरीही जंगलातल्या वळणावरच्या म्हाताऱ्या झेंडेवाल्याला नेवियो दिसला नाही, म्हणून मदत उशिरा गेली. म्हातारा सांगतो की तेविसाव्या फेरीतच गाडी त्याच्यापर्यंत आली नव्हती, आणि वकील म्हणतो की तो खोटं बोलतोय. तू लिहिलंस, "तो तुरुंगात गेल्याशिवाय मला झोप लागायची नाही. तुझा तक्ता हाच आपला पुरावा." तक्ता कपाटात आहे. आत्ता तू त्याचा विचार करू नकोस.

तुझी
एर्सीलिया


उदिने, ३० जुलै

लाडके तुल्लिया,

मुलगा झाला आणि साडेतीन किलोचा झाला, हे सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. ज्यांच्याशी त्या दहा वर्षं बोलत नव्हत्या त्यांनाही सांगितलं. नाव नेवियोच ठेवलंस, चांगलं केलंस. गुबानाचा गोड पाव करून पाठवतेय, त्यात अक्रोड जास्त घातलेत. आई म्हणेल की बाळंतिणीला जड पडतं. तिला लपवून खा.

बाप्तिस्म्याला मी धर्ममाता व्हावं, असं तू लिहिलंस. "नेवियोनंतर त्या घरातलं माझं म्हणावं असं माणूस तूच," असंही लिहिलंस. ते वाचून मी कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि तेव्हापासून तो तिथेच आहे. उत्तर मागू नकोस इतक्यात. पोर अजून मान धरत नाही.

जर्मनीत तिसरे आलो. गेरविन खूश होता, ओरेस्ते हसल्यासारखा दिसला. परतताना कुठे थांबलो नाही, सरळ घरी आलो.

एक सांगते, मला वेडी म्हणू नकोस. प्रत्येक शर्यतीत तेविसाव्या फेरीला आपली गाडी समोरून दोनदा जाते. एकदा आठ आकडा दिसतो, मी लिहिते. मग थोड्या वेळाने तेच इंजिन, तोच तिसऱ्या गियरचा घोगरा आवाज, उजवीकडून डावीकडे जातो. तेव्हा मी मान वर करत नाही. पाल्मिराला विचारलं, "आत्ता कोण गेलं?" ती म्हणाली, "वारा." ओरेस्तेला सांगितलं तर म्हणाला, "कान तपासून घे."

मला भीती वाटते, तुल्लिया. आवाजाची नाही. तो आवाज खरा मानून हात आपोआप आकडा लिहितो, त्याची.

बाळाच्या टाळूवर माझ्या नावाने ओठ टेक.

तुझी
एर्सीलिया


उदिने, १९ सप्टेंबर

तुल्लिया,

या पत्रात खुशाली नाही. बाळ झोपलं की वाच, आणि वाचायला लागलीस की शेवटपर्यंत वाच.

जर्मनीहून सरळ घरी आलो असं मी लिहिलं, ते खोटं होतं. वाट वाकडी करून आम्ही त्या बेल्जियन गावावरून आलो. तिथे जायचा हट्ट माझा. ओरेस्ते ट्रकमध्येच बसून राहिला. झेंडेवाल्या म्हाताऱ्याचं नाव देझिरे. त्याची पावाची भट्टी आहे. दुकानाच्या काचेवर कोणीतरी डांबराने 'दारुडा' असं लिहिलं होतं. पुसायचा प्रयत्न झालेला दिसत होता.

आत गेले. तो म्हणाला, "पाव कालचा आहे, बाई. आजचा भाजलाच नाही. खायला येतंय कोण?"

मी म्हटलं, कालचा चालेल. माझ्या उच्चारावरून त्याने ओळखलं. "इटलीच्या ना तुम्ही? शर्यतीतल्या?" मी मान हलवली. कोण, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग तो आपणहून बोलायला लागला, कोणी ऐकून घेत नाही म्हणून साठलेलं बोलतात तसं.

"बावीस वर्षं त्या वळणावर उभा राहतोय मी. धुक्यात दिसत नाही तेव्हा आवाजावर गाड्या मोजतो. एकतीस आली नाही. मी लगेच फोन केला. वर चौकशी करून त्यांनी सांगितलं, 'गेली की. त्यांच्या बाईंनी तक्त्यावर लिहून ठेवलीय. देझिरे, आज सकाळीच घेतलीस का?' ओढ्याकडे उतरायला मी एक पाय कठड्यापलीकडे टाकला होता, तो मागे घेतला. बाई लिहितात म्हणजे बघूनच लिहीत असणार ना?"

पाव त्याने कागदात बांधून दिला. पैसे घेईना.

आता माझं ऐक. त्या दिवशी तू नव्हतीस. घड्याळं आणि तक्ता दोन्ही माझ्याकडे होतं. छत्रीचं पाणी कागदावर ठिबकत होतं, म्हणून मी त्यावर वाकून बसले होते. पाच वर्षांत नेवियोच्या गाडीचा आवाज मला इतका पाठ झाला होता की बाकी गाड्या बघून लिहायची आणि त्याला ऐकून. तुला जे करू नकोस म्हणून सांगायची, तेच मी करत होते. कारण तो यायचाच. तेविसाव्या फेरीला तसलंच इंजिन असलेली कुणाची तरी गाडी धुक्यातून गेली, आणि मी एकतीस लिहिलं. मान वर केली नाही. घड्याळ दाबायचंही राहून गेलं. दोनेक मिनिटांनी एक अधिकारी भिजत आला, त्याने विचारलं, "एकतीस गेली का?" त्यांचा स्वतःचा कागद पावसात विरघळला होता. मी तक्ता त्याच्यापुढे धरला आणि वर चिडून म्हटलं, "हे काय, दिसत नाही?"

नेवियो तेव्हा ओढ्यात गाडीखाली अडकलेला होता. डॉक्टरांचा अहवाल तू वाचला आहेस. पाणी चढायला किती वेळ लागला तेही त्यात आहे. म्हाताऱ्याला खाली उतरायला तीन मिनिटं लागली असती. आम्ही शोधायला माणसं पाठवली ती बारा मिनिटांनी.

पुढचं याहून वाईट आहे. संध्याकाळी पंचनाम्यासाठी तक्ता मागितला, तेव्हा त्या आकड्यापुढे वेळेची जागा कोरी होती. त्यांनी नक्कल करून घेण्याआधी मी ती भरली. पाच मिनिटं, अडतीस सेकंद आणि चार दशांश. सुचेना म्हणून बाविसाव्या फेरीचीच वेळ खाली उतरवली. चुकीला मी चूक म्हणू शकले असते, पण त्या पेन्सिलीनंतर तसं म्हणता येत नाही.

मे महिन्यात ओरेस्तेने तक्ता हातात घेतला होता. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "भर पावसात दोन फेऱ्या, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सारख्या? आमच्या नेवियोला कोरड्यात कधी जमलं नव्हतं हे." मी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत राहिले. त्याने तक्ता परत कपाटात ठेवला आणि म्हणाला, "वाढ." त्यानंतर आमच्यात तो विषय नाही. झाकली मूठ तशीच राहावी असं त्याला वाटतं. आपला भाऊ गेलाच आहे, निदान बायको तरी घरात राहावी, असं त्याचं गणित असेल. त्याला दोष देऊ नकोस. मीही पाच महिने तेच केलं, आणि तू मला 'माझं माणूस' म्हणत होतीस ते ऐकून घेतलं.

आज सकाळी नऊ वाजता मी मूळ तक्ता आणि माझा सहीचा जबाब कोर्टाला रजिस्टरने पाठवला. हे पत्र त्यानंतर लिहितेय. आधी लिहिलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट बघितली असती, आणि तू रडून 'नको' म्हणाली असतीस तर मी त्या शब्दाआड लपले असते. मला मी चांगली ओळखते. पोस्टातून आल्यावर ओरेस्तेला सांगितलं. तो कारखान्यात गेला आणि आतून कडी लावून घेतली. अजून बाहेर आलेला नाही.

बाप्तिस्म्याला दुसरं कोणी बघ. पोर मोठं झाल्यावर त्याला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याविषयी सौम्य काही सांगू नकोस.

तीन ऑक्टोबरच्या सुनावणीला मी येणार आहे, विचारतील ते सांगणार आहे. तूही येशील. देझिरे एकटाच बसलेला असेल, त्याच्या गावचंही कोणी त्याच्या बाजूला बसायचं नाही. तू त्याच्याजवळ जाऊन बस. माझ्याकडे बघू नकोस. त्या दिवशी नेवियोसाठी खाली उतरायला एकच माणूस निघाला होता, तुल्लिया, आणि त्याला मी थांबवलं.

तुझी, असं आज लिहवत नाही.
एर्सीलिया