नळ सोडून वाचलेली गोष्ट

बाईसाहेब,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. बाथरूममध्ये नळ सोडून स्वतः लिहिलेली गोष्ट मोठ्याने वाचतेस आणि तुला वाटतं, कुणाला ऐकू जात नाही! आज दाराला कान लावून उभी राहिले, माझी बस चुकली.

तुझ्या गोष्टीतला तो शिंपी चहाचा कप आधी गालाला लावून बघतो, हे कुठून आणलंस गं? तुझे बाबा अगदी तस्संच करायचे. ते गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस, आणि त्यांची ही सवय मी कधी कुणाजवळ बोलले नाही.

शेवटी त्या शिंप्याला दवाखान्यात नेलंस. मी कामावरून येईपर्यंत त्याला काही होऊ देऊ नकोस. आणि संध्याकाळी नळ बंद करून वाच.

— आई