सूनबाईंनी झिओलाइट फार बारीक कुटला

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.) रक्तदाब कसा आहे? चढा असेल तर उतरल्यावर पुढे जा.

सूनबाई महिनाअखेरीस घरी हवी, हे तुझं फर्मान मिळालं. पण माझ्या प्रयोगशाळेत तिचं शेवटचं मोजमाप राहिलं आहे, आणि त्यावाचून प्रबंध पुरा होत नाही. टोल्यूइन आणि मिथेनॉलची वाफ तापल्या नळीतल्या झिओलाइटवरून सोडायची, त्याचं झायलीन होतं. किती वेगाने, ते मोजायचं. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म भोकांचा खडा. शाळा सुटताना सिस्टर दाराची एकच फळी उघडायच्या, आठवतं? सडपातळ मुली सुळकन बाहेर, आणि (रागावू नकोस) तू दप्तरासकट अडकलेली. तसंच इथे. झायलीनच्या रेणूंतले सडपातळ लगेच सुटतात, जाडे आत घुटमळतात.

मोठ्या खड्याच्या पोटातली रखडपट्टी मोजमापात येऊ नये म्हणून तो बारीक करतात. पण सूनबाई तुझ्या हाताखाली तयार झालेली. तिने वस्त्रगाळच केला! काल पुडीने नळी चोंदली आणि दाबाचा काटा चढू लागला. ती म्हणाली, “मावशी, तुम्ही बाहेर व्हा.” मी म्हटलं, “आणि तुझ्या सासूला काय सांगू, सून कुठे ठेवून आले?” तिने दोन्ही वाफा तोडल्या, हीटर बंद केला. काटा तांबड्या रेघेला टेकलेलाच. मला शाळेतली प्रार्थना निम्मीच आठवली, ती निम्मीच पुनःपुन्हा म्हटली. मग तिने सुटकेची चावी केसभर, आणखी केसभर फिरवली. फुस्स झालं आणि काटा उतरला. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. तोंडाला रंग आल्यावर पोरीने पहिलं काय विचारावं? “आईंना कळवणार का?”

आता पूड दाबून खडे करायचे, चाळायचे, सगळं पहिल्यापासून.

तुझीच,
धाकटी

ता. क. प्रबंध होईपर्यंत तिला इथेच राहू दे. ती स्वतः विचारणार नाही. काट्यापुढे न थरथरलेला तिचा हात तुझा फोन उचलताना थरथरतो.

आणखी ता. क. तिचं परतीचं तिकीट रद्द झालं आहे. परवानगी आपली रीत म्हणून मागितली.

शेवटचा ता. क. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे हे पत्र तुला लेकच वाचून दाखवत असेल. आत्ता त्याचा आवाज का अडखळला, ते त्यालाच विचार. तिकीट त्याने रद्द केलं.