मिस रोझीला श्रद्धांजली

९ जानेवारी २००१, मंगळवार
सकाळी भोंग्याची रिक्षा गल्लीतून गेली. मी ओसरीत मेथी निवडत होते. 'बशीर आणि पार्टी', जुन्या कलाकारांचा सत्कार, एकवीस तारखेला, शाळेच्या मैदानावर. शेवटी, "आपल्या सर्वांच्या लाडक्या अकॉर्डियनवादक कैलासवासी मिस रोझी यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

मिस रोझी म्हणजे मी. रोझी, आणि तीही कैलासवासी! मेथी तशीच पडली. बशीरभाईला निरोप धाडला आहे.

१० जाने.
दिवसभर तेच डोक्यात. तेव्हा गावाला चांदाच म्हणायचे. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन घरी आलेली. सिस्टरने अकॉर्डियन शिकवलं होतं, स्तोत्रांसाठी. बशीरभाईच्या घरचा लग्नाचा बँड; त्याला ऑर्केस्ट्रा काढायचा होता आणि अकॉर्डियन वाजवणारं कुणी मिळेना. वडिलांपुढे तासभर हात जोडून उभा होता. वडील जंगलखात्यात. शेवटी हो म्हणाले, पण अट एकच: सुमनचं नाव कुठे यायचं नाही.

माईकवर गजाभाऊ असायचा. त्याने जागच्या जागी बारसं केलं. "मिस रोझी, सीधी बंबई से!" तेव्हा सगळ्याच ऑर्केस्ट्रातल्या मुली मुंबईच्या असत. फ्रॉक, काळा गॉगल. फ्रॉकला आईने लांब बाह्या जोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन वेण्या घालून बाजारात भाजी घ्यायची आणि भाजीवाली मलाच रोझीचं कौतुक सांगायची. हसू यायचं तेव्हा.

११ जाने.
आलापल्लीचा कार्यक्रम. सागाच्या ओंडक्यांवर फळ्या टाकून स्टेज, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, ओल्या हवेने अकॉर्डियनचा भाता जड झालेला. बशीरभाई मान हलवून ताल धरायचा, म्हणजे माझी बोटं आपोआप मोकळी व्हायची. त्या वयात आणखी काय हवं होतं मला? काहीच नाही.

वडील पहिल्या रांगेत, खात्यातल्या साहेबांच्या शेजारी. साहेबांनी विचारलं, मुलगी कुठली हो? वडील म्हणाले, "मुंबईची असावी." आणि टाळ्या वाजवल्या. हे त्यांनीच घरी येऊन हसत सांगितलं. आई हसली. मीही हसले असेन.

१३ जाने.
ब.भाई आला. केस पिकले, पुढचे दोन दात गेले, तरी ट्रंपेट सोडलेलं नाही. चहा बशीत ओतून कितीतरी वेळ फुंकत बसला. मग म्हणाला,
"तुमचं लगन झालं बाई, तुम्ही गेल्या. लोकं रोझी रोझी करून राह्यले. गजाभाऊनं माईकवरच सांगून टाकलं का मुंबईच्या घाटात मोटर उलटली."
"आणि तुम्ही?"
"मी काय करू? मी ट्रंपेट वाजवलं. लई रडले लोकं. लाकडाचे ठेकेदार रडले."

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात खुर्चीवर माझं अकॉर्डियन, त्याला हार, सगळे उभे, आणि ट्रंपेटवर एक संथ चाल. त्याच आयटमला वन्समोअर पडते म्हणाला. माझ्या मरणाला वन्समोअर. मी वरोऱ्याला सासरी पोळ्या लाटत होते तेव्हा. इकडे परत आले ती हे गेल्यावर, मागच्या वर्षी.

मी म्हटलं, एकवीसला मी स्टेजवर येते. वाजवते. माझ्या नावाने. त्याने बशी खाली ठेवली. "गजाभाऊले विचारतो."

१६ जाने.
गजाभाऊचा स्वतःचाच फोन. आता वकील आहे, नगरपालिकेला उभा राहायचं चाललं आहे. आवाज तोच, लोणी लावलेला.
"सुमनताई, इतकी वर्षं लोकांले रडवलं. आता मेलेली बाई स्टेजवर आणली तर मले मत कोन देईन?"
मग माझा सत्कार करतो म्हणाला. शाल-नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. "रसिक श्रोत्या म्हणून."

१८ जाने.
अजित आला, सूनबाईंना घेऊन. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतून एवढ्या धुळीत मोटारसायकलवर, म्हणजे त्याच्या कानावर गेलं होतं. जेवण होईपर्यंत बोलला नाही. मग, "बाबांना माहीत होतं?"
"नाही."
"मग आता कशाला, आई?"
माझ्या वडिलांचाच आवाज. ह्यांनीही हेच म्हटलं असतं, फक्त जेवायच्या आधी.

सूनबाई भांडी आवरताना हळूच म्हणाली, कसं वाजवायचं दाखवा ना. ओट्याच्या कडेवर दाखवलं. उजवा हात अडखळला. डावा मात्र एकेक बटण बरोबर शोधत गेला. ती बघत राहिली. मला तोंड धुवायला जावं लागलं.

२२ जाने., सकाळ
काल गेले. शाल घेतली. नारळ घेतला. गजाभाऊने माझं नाव वाचलं, टाळ्या पडल्या, जेवढ्या शेजारच्या मुख्याध्यापकांना तेवढ्याच.

मग तो आयटम. माझं लाल अकॉर्डियन, वर शेवंतीचा हार. मैदान उभं राहिलं. मी बसूनच राहिले. मागच्या बाईने खांद्याला हात लावला.
"उभ्या राहा ना बाई. मेलेल्या मानसाचा मान असते."
"मी ओळखत होते तिला."
"मंग तं राहाच."

नाही राहिले. बशीरभाई डोळे मिटून वाजवत होता. उघडले, आणि मी दिसले. सगळे उभे आणि मी एकटी बसलेली. सूर मध्येच तुटला. पुन्हा ओठाला लावलं, फुंक आली नाही. गजाभाऊ माईकवर म्हणाला, बशीरभाईंना भावना आवरल्या नाहीत. त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या.

घरी येऊन शाल धुणंभांडीवाल्या बाईला देऊन टाकली.

२३ जाने.
ब.भाई दारात. आत आला नाही. चप्पल काढून उभा, वडिलांपुढे उभा राहायचा तसाच. पुढच्या महिन्यात अहेरीला कार्यक्रम आहे म्हणाला. गजाभाऊ येत नाही तिकडे. माईक बशीरभाईच्याच हातात राहील.
"वाजवता का, बाई?"
"कोणत्या नावाने?"
"तुमच्या. मी सोता सांगतो सगळ्यांले."

इतक्या वर्षांनी कुणी हे म्हटलं, आणि मला रडूही आलं नाही. तालीम कुठे, कधी, सगळं विचारलं. तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला.
"आडनाव कोनतं सांगू? बाबूजींचं का तुमच्या मिस्टरांचं?"

मी म्हटलं, सांगते उद्या.

वडिलांनी लपवायला लावलं. ह्यांना सांगायची सोय नव्हती. नुसतं सुमन म्हटलं तर लोक विचारतील, कोणाची. दुपार झाली. कुकर लावला आहे. अजून ठरत नाही.